मुक्तस्रोत सॉफ्टवेअरद्वारे चलचित्रातील हालचाल व वस्तू यांचा शोध : स्वरूप, कार्यपद्धती आणि मर्यादा

सारांश :
चलचित्रात काही हलले आहे काय हे ठरविणे आणि जे हलले ते काय आहे हे सांगणे, या दोन भिन्न प्रक्रिया आहेत. पहिली प्रामुख्याने गणिती तुलनेवर, तर दुसरी उदाहरणांवरून शिकण्यावर आधारलेली आहे. या दोन्हींसाठी दर्जेदार मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. तथापि सॉफ्टवेअरची संहिता खुली असणे म्हणजे त्याचा निर्णय पारदर्शक असणे नव्हे, हे प्रस्तुत लेखात विशद केले आहे. संहिता, मॉडेल, प्रशिक्षणाची माहिती आणि अंतिम निर्णय या चार पातळ्यांवर खुलेपणाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, चलचित्र प्रक्रिया, हालचाल शोध, वस्तू शोध, ओपनसीव्ही, परवाना.

१. प्रस्तावना :
महाविद्यालयांची प्रवेशद्वारे, ग्रंथालये आणि प्रयोगशाळा येथे कॅमेरे बसविणे ही आता नित्याची बाब झाली आहे. एखाद्या महाविद्यालयात १६ कॅमेरे अहोरात्र चालू आहेत असे मानल्यास दररोज ३८४ तासांचे चित्रण जमा होते. एका व्यक्तीने ते अखंडपणे पाहावयाचे ठरविले तरी त्यासाठी १६ दिवस लागतील. चित्रण करणे स्वस्त झाले, पण ते पाहणे स्वस्त झालेले नाही. त्यामुळे पाहण्याचे काम संगणकाकडे सोपविण्याची गरज निर्माण झाली.

ही गरज केवळ सुरक्षेपुरती मर्यादित नाही. भौतिकशास्त्राचा अध्यापक पडणाऱ्या चेंडूचा वेग मोजू इच्छितो, प्राणिशास्त्राचा संशोधक कॅमेरा सापळ्यातील छायाचित्रे वर्गवार लावू पाहतो आणि भूगोलाचा अभ्यासक चौकातील वाहने मोजतो. या सर्वांपुढे मूलतः दोनच प्रश्न असतात : येथे काही हलले काय? आणि जे हलले ते काय आहे? या प्रश्नांची उत्तरे देणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर कसे कार्य करते, त्याच्या उत्तरांवर कितपत विसंबावे आणि त्याचे खुलेपण नेमके कोठपर्यंत पोहोचते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. मुक्तस्रोत संकल्पना :
‘मुक्तस्रोत’ या शब्दाचा अर्थ अनेकदा ‘फुकट’ असा घेतला जातो. हा अर्थ अपुरा आहे. बाजारात विनामूल्य मिणारी पुष्कळ सॉफ्टवेअर अशी असतात की, त्यांची मूळ संहिता वापरणाऱ्यास कधीच पाहावयास मिळत नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये संहिता वाचण्याचा, तिच्यात बदल करण्याचा आणि बदललेली प्रत इतरांना देण्याचा अधिकार परवान्याद्वारे मिळतो. जीएनयू सार्वजनिक परवान्याची, म्हणजे जीपीएलची, पहिली आवृत्ती १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली व त्याच वर्षी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन झाली.

परवान्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. बीएसडी, एमआयटी व अपाचे हे परवाने उदार स्वरूपाचे आहेत. त्यांखालील संहिता खाजगी उत्पादनातही वापरता येते. जीपीएल परवान्याखालील संहिता बदलून इतरांस दिल्यास ती बदललेली संहितादेखील त्याच अटींवर खुली करावी लागते. एजीपीएल हा परवाना आणखी एक पाऊल पुढे जातो. बदललेल्या सॉफ्टवेअरची प्रत कोणास दिली नाही, परंतु ते नेटवर्कवरून सेवा म्हणून वापरावयास दिले, तरी संहिता उपलब्ध करून द्यावी लागते. केवळ वर्गातील प्रात्यक्षिकासाठी हा भेद फारसा जाणवत नाही. विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पाचे रूपांतर व्यवसायात करावयाचे ठरविले की मात्र तो निर्णायक ठरतो.

संहिता दिसणे आणि ती वापरण्याचा पूर्ण हक्क असणे यांतही अंतर असू शकते. डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘सिफ्ट’ ही प्रतिमेतील वैशिष्ट्यबिंदू शोधण्याची पद्धत याचे बोलके उदाहरण होय. तिची संहिता ओपनसीव्हीच्या जोड-संग्रहात सर्वांना वाचता येत होती, पण पद्धतीवर पेटंट असल्यामुळे व्यावसायिक वापर निर्वेध नव्हता. मार्च २०२० मध्ये पेटंटची मुदत संपल्यानंतरच त्याच वर्षी तिला मुख्य संग्रहात स्थान मिळाले.

३. चलचित्राचे संगणकीय स्वरूप :
संगणकाच्या दृष्टीने चलचित्र म्हणजे एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची, अर्थात फ्रेमची, मालिका होय. प्रत्येक फ्रेम ही पिक्सेलांची बनलेली असते आणि प्रत्येक पिक्सेल म्हणजे सामान्यतः लाल, हिरवा व निळा या रंगांचे तीन आकडे असतात. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. ६४० × ४८० आकाराच्या फ्रेममध्ये ३,०७,२०० पिक्सेल असतात, म्हणजे एका फ्रेमसाठी ९,२१,६०० बाइट लागतात. सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने एका तासाचे असंकोचित चित्रण सुमारे ८३ गिगाबाइट जागा व्यापते. १९२० × १०८० आकाराच्या चित्रणासाठी हाच आकडा सुमारे ५६० गिगाबाइटपर्यंत जातो.

या कारणास्तव चलचित्राचे संकोचन अपरिहार्य ठरते. संकोचनाच्या प्रचलित पद्धतींमध्ये काही फ्रेम पूर्ण साठविल्या जातात आणि अधल्यामधल्या फ्रेमबाबत शेजारच्या फ्रेमपासून काय बदलले एवढेच नोंदविले जाते. म्हणजेच ‘काय हलले?’ हा प्रश्न चित्रण साठवितानाच एका अर्थाने विचारला गेलेला असतो.

चित्रणाचे संकोचन, विसंकोचन व रूपांतर यांसाठी सर्वाधिक आधारभूत ठरलेले मुक्तस्रोत साधन म्हणजे एफएफएमपेग होय. फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००० मध्ये त्याचा प्रारंभ केला. त्याचा गाभा एलजीपीएल परवान्याखाली असून काही ऐच्छिक भाग जीपीएलखाली आहेत. वापरणाऱ्यास त्याचे नावही ठाऊक नसते, पण चलचित्र हाताळणाऱ्या असंख्य सॉफ्टवेअरच्या पोटात ते कार्यरत असते. कॅमेऱ्यातून आलेला संकोचित प्रवाह उलगडून त्याच्या फ्रेम पुढील विश्लेषणास देणे, हे या साखळीतील त्याचे कार्य आहे.

४. हालचाल शोधण्याच्या पद्धती :
४.१ फ्रेममधील फरक :
हालचाल शोधण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे वजाबाकी. आधीच्या फ्रेममधील पिक्सेलचे मूल्य आणि नव्या फ्रेममधील त्याच जागेच्या पिक्सेलचे मूल्य यांतील फरक काढला जातो. समजा, एका पिक्सेलची तेजस्विता ११८ होती, ती १२१ झाली. हा ३ चा फरक बहुधा कॅमेऱ्याच्या संवेदकातील विद्युत गोंगाटामुळे पडलेला असतो. दुसऱ्या पिक्सेलची तेजस्विता ११८ वरून १७६ झाली, तर ५८ चा फरक दुर्लक्षिता येणार नाही. या दोहोंना वेगळे करण्यासाठी एक उंबरठा मूल्य ठरवावे लागते. ते २५ ठरविल्यास पहिला पिक्सेल स्थिर व दुसरा चल मानला जातो. मग चल पिक्सेलांची एकूण संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की हालचाल झाली असे घोषित केले जाते.

लिनक्सवर चालणारे ‘मोशन’ हे जीपीएल परवान्याचे सॉफ्टवेअर याच तत्त्वावर उभे आहे. त्यात बदललेल्या पिक्सेलांची मूळ मर्यादा १५०० ठेवलेली आहे. ६४० × ४८० आकाराच्या फ्रेममध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून किंचित कमी भरते. येथेच पद्धतीची मर्यादाही स्पष्ट होते. कॅमेऱ्याजवळून गेलेली मांजर आणि दूरवरून चालत गेलेला माणूस सारख्याच संख्येने पिक्सेल बदलू शकतात. संख्येला त्यांतील भेद कळत नाही. खोलीतील दिवा लावल्यास जवळजवळ सर्व पिक्सेल एकदम बदलतात. म्हणून अशा आकस्मिक प्रकाशबदलाकडे दुर्लक्ष करण्याची तरतूद ‘मोशन’मध्ये स्वतंत्रपणे करावी लागली आहे. झाडाच्या हलत्या फांद्यांसारखा भाग झाकून ठेवणारा मुखवटा देण्याची सोयही त्यात आहे.

याच वर्गातील ‘झोनमाइंडर’ हे सॉफ्टवेअर दृश्याचे निरनिराळे विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी वेगळी संवेदनशीलता ठरविण्याची मुभा देते. दाराजवळील हालचाल महत्त्वाची आणि रस्त्यावरील हालचाल गौण, हा विवेक येथे वापरणाऱ्यानेच सॉफ्टवेअरला शिकवावयाचा असतो.

४.२ पार्श्वभूमीचे प्रारूप :
लागोपाठच्या दोन फ्रेमऐवजी स्थिर पार्श्वभूमीशी तुलना करणे अधिक उपयुक्त ठरते. परंतु पार्श्वभूमीदेखील पूर्णतः स्थिर नसते. ऊन सरकते, पाने हलतात, पाण्यावर तरंग उमटतात. १९९९ मध्ये ख्रिस स्टॉफर व एरिक ग्रिमसन यांनी यावर उपाय सुचविला. प्रत्येक पिक्सेलसाठी एकच मूल्य न मानता सामान्यतः ३ ते ५ प्रसामान्य वितरणांचे मिश्रण मानावे, अशी ती कल्पना होती. हलणाऱ्या पानामागील पिक्सेल कधी हिरवा तर कधी आकाशी असू शकतो आणि दोन्ही स्थिती पार्श्वभूमीच्याच असतात. झोरान झिव्हकोविच यांनी २००४ मध्ये या पद्धतीत सुधारणा केली. ओपनसीव्हीमध्ये ती ‘एमओजी-२’ या नावाने उपलब्ध आहे. तीत सावली वेगळी ओळखण्याचीही सोय असून सावलीचे पिक्सेल पांढऱ्याऐवजी करड्या छटेने दाखविले जातात.

ही पद्धत मूळ मांडणीत ५०० फ्रेमचा पूर्वेतिहास ध्यानात घेते. सेकंदाला २५ फ्रेम या हिशेबाने हा कालावधी अवघा २० सेकंदांचा होतो. याचा व्यवहारातील परिणाम लक्षणीय आहे. वाचनकक्षात निश्चल बसून वाचणारा विद्यार्थी थोड्याच वेळात पार्श्वभूमीचा भाग बनतो आणि तो उठून गेल्यावर मोकळी खुर्चीच काही काळ ‘नवी वस्तू’ म्हणून नोंदली जाऊ शकते. सॉफ्टवेअरचे येथे काही चुकलेले नसते. ‘जे दीर्घकाळ बदलत नाही ते महत्त्वाचे नाही’ या गृहीतकाचे ते प्रामाणिकपणे पालन करीत असते. संहिता व तिचे मापदंड खुले असल्यामुळे अभ्यासकास हे गृहीतक शोधता येते आणि बदलताही येते.

४.३ प्रकाशीय प्रवाह :
काही हलले एवढेच नव्हे, तर ते कोणत्या दिशेने व किती हलले हे जाणून घ्यावयाचे असल्यास प्रकाशीय प्रवाहाची पद्धत वापरली जाते. १९८१ मध्ये हॉर्न व शुंक तसेच लुकास व कानाडे यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या पद्धती आजही पायाभूत मानल्या जातात. गर्दीच्या प्रवाहाची दिशा किंवा वाहनांचा सापेक्ष वेग यांच्या अभ्यासात त्यांचा उपयोग होतो.

५. ओपनसीव्ही आणि वस्तू शोध :
संगणकीय दृष्टी या विषयातील सर्वाधिक परिचित मुक्तस्रोत संग्रह म्हणजे ओपनसीव्ही. गॅरी ब्रॅडस्की यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये इंटेल कंपनीत त्याचे काम सुरू झाले. प्रत्येक संशोधकाने त्याच मूलभूत संहिता नव्याने लिहिण्यात वेळ दवडू नये, हा त्यामागील एक हेतू होता. २००० मध्ये त्याची प्राथमिक आवृत्ती जाहीर झाली आणि २००६ मध्ये १.० ही आवृत्ती आली. २००५ च्या डार्पा ग्रँड चॅलेंज स्पर्धेत विजयी ठरलेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅनली’ या स्वयंचलित मोटारीतही त्याचा वापर झाला होता. प्रारंभी बीएसडी परवान्याखाली असलेला हा संग्रह २०२० मधील ४.५ या आवृत्तीपासून अपाचे-२ परवान्याखाली आहे.

वस्तू ओळखण्याच्या क्षेत्रात २००१ मध्ये पॉल व्हायोला व मायकेल जोन्स यांनी मांडलेली चेहरा शोधण्याची पद्धत क्रांतिकारक ठरली. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद असतो, नाकाचा कणा बाजूंपेक्षा उजळ असतो, अशा साध्या फरकांवर ती आधारलेली आहे. प्रतिमेतील कोणत्याही आयताची बेरीज केवळ चार आकड्यांवरून काढण्याची युक्ती तिने वापरली. चेहरा नसलेले भाग पहिल्या काही चाचण्यांतच वगळून पुढील गणित वाचविले. ३८४ × २८८ आकाराच्या प्रतिमांवर ७०० मेगाहर्ट्झच्या पेंटियम-३ संगणकावर सेकंदाला १५ फ्रेम इतका वेग तिने साधला. ओपनसीव्हीमध्ये तिचा समावेश झाल्याने ती जगभरातील वर्गांत पोहोचली. २००५ मध्ये नवनीत दलाल व बिल ट्रिग्स यांनी कडांच्या दिशांचे आलेख वापरून पादचारी शोधण्याची पद्धत मांडली. तीदेखील या संग्रहात आहे.

२०१२ नंतर बहुस्तरीय चेताजालांनी या क्षेत्राचे चित्र पालटले. पूर्वीच्या पद्धतींत कोणती वैशिष्ट्ये पाहावयाची हे मुख्यत्वे माणूस ठरवीत असे. चेताजाल मात्र लक्षावधी उदाहरणांवरून ती स्वतः शिकते. जोसेफ रेडमन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या ‘योलो’ पद्धतीने संपूर्ण प्रतिमेची ७ × ७ चौकोनांत विभागणी करून सर्व वस्तू एकाच फेरीत शोधण्याचा मार्ग दाखविला. शक्तिशाली ग्राफिक्स कार्डावर तिचा वेग सेकंदाला ४५ फ्रेम इतका होता. प्रत्येक वस्तूभोवती चौकट आखून ती वस्तू कोणती आणि त्याबाबतची खात्री किती, हे अशी मॉडेल आकड्यांत सांगतात.

जुन्या व नव्या पद्धती परस्परपूरकही ठरतात. ‘फ्रिगेट’ हे एमआयटी परवान्याचे सॉफ्टवेअर प्रथम साध्या पद्धतीने हालचाल शोधते आणि जेथे हालचाल आढळली त्याच भागावर वस्तू शोधणारे मॉडेल चालविते. वजाबाकी स्वस्त आहे व चेताजाल महाग आहे, या वस्तुस्थितीचा हा उचित उपयोग होय.

६. संहिता खुली, निर्णय अपारदर्शक :
हालचाल शोधण्याच्या पद्धतीत ‘धोक्याची सूचना का दिली?’ या प्रश्नाचे पूर्ण उत्तर संहितेतच सापडते : अमुक पिक्सेल अमुक मर्यादेपेक्षा अधिक बदलले म्हणून. चेताजालाबाबत तसे घडत नाही. मॉडेल चालविणारी संहिता वाचता येते, परंतु निर्णय घडविणारे लक्षावधी भारांक वाचून त्यांतून कारण उलगडत नाही. ते भारांक कोणत्या उदाहरणांवरून आले, हा खरा प्रश्न असतो.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘कोको’ हा चित्रसंग्रह अनेक मुक्तस्रोत मॉडेलांच्या प्रशिक्षणाचा आधार आहे. त्यात वस्तूंचे ८० वर्ग आहेत. मोटार, बस, ट्रक, सायकल व मोटारसायकल त्यात आहेत. बेसबॉलची बॅट, बर्फावर घसरण्याच्या पट्ट्या आणि हॉट डॉगदेखील आहेत. रिक्षा नाही, बैलगाडी नाही आणि म्हैसही नाही. पुण्यातील किंवा कोल्हापुरातील एखाद्या चौकातील वाहतूक अशा मॉडेलने मोजल्यास रिक्षा हा वर्गच निष्कर्षात येणार नाही. रिक्षा एकतर दुसऱ्याच वाहनाच्या नावाने मोजली जाईल किंवा वगळली जाईल. संहिता निर्दोष, संगणक उत्तम आणि तरीही शोधनिबंधातील तक्ता चुकीचा, अशी स्थिती उद्भवेल. तक्ता पाहणाऱ्यास ही चूक दिसणारही नाही, कारण जे मोजलेच गेले नाही त्यासाठी तक्त्यात रकानाच नसतो.

या उणिवेवर उपाय नाही असे नाही. हैदराबाद येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने इंटेलच्या सहकार्याने भारतीय रस्त्यांवरील दृश्यांचा ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ तयार केला. त्यातील १०,००० प्रतिमांचे ३४ वर्गांत तपशीलवार चिन्हांकन करण्यात आले असून रिक्षाला त्यात स्वतंत्र स्थान आहे. प्रतिमांचे चिन्हांकन करण्यासाठी ‘सीव्हॅट’सारखी मुक्तस्रोत साधनेही उपलब्ध आहेत. स्थानिक उदाहरणे गोळा करून मॉडेलला पुढील प्रशिक्षण देणे हे पदव्युत्तर प्रकल्पाच्या आवाक्यातील काम आहे.

प्रशिक्षणातील असमतोल माणसांच्या बाबतीत अधिक गंभीर ठरतो. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणालींची तपासणी केली. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण कमाल ०.८ टक्के, तर गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत आढळले. त्या प्रणाली मुक्तस्रोत नव्हत्या. परंतु असमतोल उदाहरणांवर शिकलेले मुक्तस्रोत मॉडेल या दोषापासून आपोआप मुक्त राहील, असे मानण्यास आधार नाही.

यावरून खुलेपणाच्या चार पातळ्या वेगळ्या करता येतात. (१) संहिता वाचता येते काय? (२) प्रशिक्षित मॉडेल कोणत्या परवान्याखाली मिळते? (३) प्रशिक्षणासाठी वापरलेली उदाहरणे पाहता व तपासता येतात काय? (४) मिळालेल्या उत्तरावरून अंतिम निर्णय कोण घेतो आणि त्याविरुद्ध दाद मागता येते काय? यांपैकी पहिल्या पातळीवरील खुलेपण पुढील तीन पातळ्यांची हमी देत नाही. उदाहरणार्थ, योलोचे नाव पुढे चालविणाऱ्या अल्ट्रालिटिक्स कंपनीच्या २०२३ मधील आठव्या आवृत्तीस एजीपीएल परवाना आहे व ज्यांना त्याच्या अटी नको असतील त्यांच्यासाठी कंपनी वेगळा व्यावसायिक परवाना देते. दोन मॉडेलांच्या नावात ‘योलो’ असले म्हणून त्यांचे परवाने एकच असतील असे नाही.

७. विविध विद्याशाखांतील उपयोग :
भौतिकशास्त्रात ‘ट्रॅकर’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विशेष उपयुक्त आहे. साध्या मोबाइलवर घेतलेल्या चित्रणातील लंबक किंवा चेंडू फ्रेमनुसार चिन्हांकित करून विस्थापन, वेग व त्वरण यांचे आलेख त्यातून मिळतात. महागड्या उपकरणांवाचून गतीचा प्रयोग करता येणे ही ग्रामीण महाविद्यालयासाठी मोठी सोय आहे. भाषाविज्ञान व लोकसाहित्याच्या अभ्यासात मॅक्स प्लांक संस्थेने विकसित केलेले ‘एलॅन’ वापरून मुलाखतींच्या किंवा लोककलांच्या चित्रणावर कालानुसार टिपणे करता येतात. येथे संगणक काही ओळखत नाही, ओळखण्याचे काम अभ्यासकच करतो आणि त्याची शिस्तबद्ध नोंद तेवढी सॉफ्टवेअर ठेवते.

वन्यजीव अभ्यासात स्वयंचलित वर्गीकरणाची निकड किती मोठी आहे, हे २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेवरून दिसते. तीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरा सापळे लावण्यात आले व ३,४८,५८,६२३ छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघाची ७६,६५१ आणि बिबट्याची ५१,७७७ होती. म्हणजे वाघाचे प्रमाण एकूण छायाचित्रांच्या पाव टक्क्याहूनही कमी होते. एवढ्या मोठ्या संग्रहातून उपयुक्त भाग वेगळा करण्यासाठी त्या गणनेतही संगणकीय वर्गीकरणाचे साहाय्य घेण्यात आले. मायक्रोसॉफ्टमध्ये विकसित झालेले ‘मेगाडिटेक्टर’ हे खुले मॉडेल अशाच कामासाठी आहे. ते प्रतिमेत प्राणी, माणूस किंवा वाहन आहे एवढेच सांगते, प्रजाती सांगत नाही. प्रजाती ओळखण्याचे काम त्याने तज्ज्ञाकडेच राहू दिले आहे. मर्यादित प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर देण्याचे हे धोरण इतर क्षेत्रांनीही अनुकरावे असे आहे.

८. वापरातील दक्षता :
दुर्मीळ घटनांच्या शोधात लहानशी चूकही मोठी होते. सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने एक कॅमेरा दिवसाला २१,६०,००० फ्रेम देतो. दहा हजार फ्रेममागे केवळ एक खोटी सूचना येते असे मानले तरी दिवसाला २१६ खोट्या सूचना होतात. १६ कॅमेऱ्यांच्या बाबतीत ही संख्या ३,४५६ होते. अशा वेळी रखवालदार दोन दिवसांत सूचनांची घंटा बंद करून ठेवतो आणि खरी घटनाही निसटते. ‘अचूकता ९९.९९ टक्के’ या दाव्याचा अर्थ लावताना ही साधी आकडेमोड विसरता कामा नये. लागोपाठ अनेक फ्रेममध्ये तीच हालचाल आढळली तरच सूचना द्यावी, अशी अट घालून ही संख्या कमी करता येते. मात्र त्यामुळे क्षणार्धात घडणारी घटना हुकण्याची शक्यता वाढते. या दोहोंपैकी कोणती चूक पत्करावी, हे ठरविणे तांत्रिक नव्हे तर संस्थात्मक उत्तरदायित्व आहे.

दुसरी बाब खाजगीपणाची. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत झाला. व्यक्तीची ओळख पटविणारे चित्रण जमविणाऱ्या संस्थेस आपला हेतू, साठवणुकीचा कालावधी आणि ते पाहण्याचा अधिकार कोणास, हे आता गांभीर्याने ठरवावे लागेल. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा येथे एक निश्चित लाभ आहे. चित्रण बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर न पाठविता महाविद्यालयाच्याच संगणकावर त्याचे विश्लेषण करता येते. तथापि तोच लाभ गैरवापरालाही सुलभ करतो, हे नाकारता येत नाही. योलोचे जनक रेडमन यांनी लष्करी उपयोग व खाजगीपणाविषयीच्या चिंतांमुळे संगणकीय दृष्टीतील संशोधन थांबविल्याचे २०२० मध्ये जाहीर केले. त्यांची पद्धत मात्र तोपर्यंत खुली झालेली होती व इतरांनी ती पुढे चालविली. खुली संहिता परत घेता येत नाही. म्हणून तिच्या वापराचा विवेक तिच्या कर्त्यावर सोडून चालत नाही, तो वापरणाऱ्यालाच करावा लागतो.

९. अध्यापनविषयक सूचना :
या विषयाच्या अध्यापनाचा प्रारंभ तयार मॉडेलपासून न करता दोन फ्रेमच्या वजाबाकीपासून करणे श्रेयस्कर ठरेल. विद्यार्थ्याने उंबरठा मूल्य १० ठेवून, मग २५ आणि ६० ठेवून काय सापडते व काय निसटते याची नोंद करावी. त्यानंतर पार्श्वभूमीचे प्रारूप आणि शेवटी चेताजाल, असा क्रम राखल्यास प्रत्येक पातळीवर कोणते गृहीतक शिरले हे त्याच्या लक्षात येते. यासाठी सामान्य संगणक, एक वेबकॅम आणि पायथन भाषेची प्राथमिक ओळख पुरेशी आहे. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले आहेत. पूर्वतयारीसाठी त्यांचा उपयोग करता येईल.

१०. निष्कर्ष :
(१) हालचाल शोध आणि वस्तू शोध या दोन वेगळ्या प्रक्रिया असून साध्या गरजेसाठी साधी पद्धत पुरेशी व अधिक स्पष्ट ठरते.
(२) मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमुळे अल्प साधनांच्या महाविद्यालयासही चलचित्र विश्लेषणाचे अध्यापन व संशोधन करणे शक्य झाले आहे.
(३) संहितेचे खुलेपण हे मॉडेल, प्रशिक्षणाची उदाहरणे व निर्णय यांच्या खुलेपणाची हमी देत नाही. या चारही पातळ्यांची स्वतंत्र तपासणी आवश्यक आहे.
(४) परदेशी उदाहरणांवर शिकलेली मॉडेल स्थानिक वास्तव वगळू शकतात. शोधनिबंधात ती वापरताना त्यांची वर्गसूची प्रथम तपासावी आणि आपल्या चित्रणाच्या काही भागाची हाताने मोजणी करून पडताळा घ्यावा.
(५) कॅमेऱ्याने दिलेली सूचना हा पुरावा नव्हे, तर तपासणीचे निमित्त होय. विद्यार्थ्यावर वा कर्मचाऱ्यावर परिणाम करणारा निर्णय माणसानेच, संपूर्ण चित्रण पाहून व संबंधिताचे म्हणणे ऐकून घ्यावा.

संगणक बदल मोजतो. त्या बदलाला अर्थ देणे हे काम पूर्वीप्रमाणेच अभ्यासकाचे आहे. ते काम डोळसपणे करता यावे म्हणून संहिता वाचण्याची मुभा मोलाची आहे, पण मुभा असून ती कोणी वाचलीच नाही, तर मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि बंदिस्त सॉफ्टवेअर यांत वापरणाऱ्याच्या दृष्टीने किमतीखेरीज फारसा फरक उरत नाही.